गोठ्यातला पेशंट

आजीची डावी बाजू रोज उन्हं कलली की लुळी पडायची आणि दिवेलागणीच्या आत खडखडीत बरी व्हायची.

"मेले गं बाई," असं म्हणत ती गोठ्यातल्या खाटेवर आडवी व्हायची. डावा हात वाकडा करून छातीवर ठेवायची, तोंडाचा एक कोपरा खाली ओढायची आणि उजव्या डोळ्याने हळूच बघायची, की आपल्याकडे सगळे बघताहेत ना. एकदा तर तिने लाळसुद्धा गाळून दाखवली. तेव्हा तिची नात टकळी हसता हसता मागे सरकली ती थेट रिकाम्या शेणपाटीत जाऊन बसली.

"आजी, जिभेला काही झालेलं नाहीये तुझ्या. बोललीस तरी चालेल."

"बोलायला तू आहेस की. एकटी चार घरांचं बोलतेस. मला मरू दे सुखाने."

"मरायचं नाहीये! खुर्चीत बसायचंय!"

आणि या दोघींच्या मधोमध, हातात पाण्याचं घमेलं घेऊन, ओठ घट्ट मिटून उभी असायची ती घुमी.

घुमी म्हणजे टकळीची आई, आजीची सून. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात आजीने तिला हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की तिचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं. ती रागीट नव्हती, रुसणारी तर मुळीच नव्हती. तिच्यात शब्द होते, पण विहिरीत खोल सोडलेल्या बादलीसारखे. ओढत राहा, ओढत राहा, आणि वर येईपर्यंत समोरचा माणूस कंटाळून निघून गेलेला. तिचं खरं बोलणं व्हायचं ते गायींशी. तेही काय, तर "होऽ होऽ", "सर गं", आणि जीभ टाळूला लावून "च्च च्च". पण गायींना तेवढं पुरायचं. ती कासेला हात लावायची आणि गाय डोळे मिटून घ्यायची.

त्या उन्हाळ्यात गायी गेल्या. आधी एकीच्या अंगावर गाठी आल्या, मग ताप, मग तिने मान टाकली. मग दुसरी. गावात एकाही गोठ्यातली दावण भरलेली राहिली नाही. घुमीने शेवटच्या गाईच्या अंगावर ओलं पोतं धरून बसल्या बसल्या सकाळ केली. मग उठून तिने गोठा घासला, चुना मारला आणि रिकाम्या गव्हाणीकडे पाठ करून आत निघून गेली. टकळीचा बाप दूध केंद्राचा टेम्पो चालवायचा. दूधच नाही म्हटल्यावर टेम्पो जागेवर बसला, आणि बापही.

मग मुकादम आला. कापणीची मोठाली यंत्रं घेऊन तो मुलुखभर फिरायचा. पीक पिकेल तिथे यंत्र, आणि यंत्र जाईल तिथे त्याची माणसं. "चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "पुढच्या पेरणीला परत." बाप मान खाली घालून "बघतो" म्हणाला. हा माणूस कोणालाच नाही म्हणू शकत नसे. जत्रेतल्या फुगेवाल्यालासुद्धा नाही. टकळी लहान असताना तिच्याकडे एका वेळी इतके फुगे असायचे की ती उडून जाईल असं आजीला वाटायचं. आणि हा माणूस लग्नानंतर एक रात्रही घराबाहेर झोपलेला नव्हता.

त्याच आठवड्यात तिठ्यावरच्या दवाखान्यातल्या सिस्टर गावात आल्या. त्यांना मदतनीस हवे होते. आधी शिकायचं, मग परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी कामावर. "कोण तयार आहे?" सिस्टरांनी विचारलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मागच्या भिंतीपासून एक हात वर गेला. तोंडातून शब्द नाही, फक्त हात. घुमीचा.

म्हणजे हिशेब सरळ होता, तो घरात कोणी मोठ्याने बोलून दाखवला नाही इतकंच. घुमी पास झाली तर बाप घरी. नापास झाली तर बाप मुकादमाच्या ट्रकमध्ये.

लेखी परीक्षेला ती भ्यायली नाही. वाचायला आवाज लागत नाही. ताप किती म्हणजे किती, जखमेला हात लावायच्या आधी काय, कुशी कितीदा बदलायची, सगळं तिच्या डोक्यात नीट घडी घालून ठेवलेलं होतं. लेखी तिने निवांत दिली आणि त्यात ती पासही झाली. पण खरा वाघ पुढे बसला होता, प्रात्यक्षिकाचा.

वर्गात पहिल्यांदाच प्रात्यक्षिक झालं तेव्हा बेकरीवाल्याची मुलगी पेशंट झाली होती. नाजूक पोरगी, नखं रंगवलेली. घुमीने तिला कुशीवर वळवायचं होतं. घुमी पुढे झाली, गुडघा खाटेला टेकवला, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि "च्च च्च, सर गं!" म्हणून तिने पोरीच्या ढुंगणावर एक चापट ठेवून दिली. पोरगी अशी सफाईने वळली, की तिला स्वतःलाही कळलं नाही. मग कळलं.

"मी काय म्हैस आहे का?" ती किंचाळली.

वर्ग फुटला. एक बाई तर हसून हसून उकिडवी बसली. घुमीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि ती चादरीची सुरकुती काढत राहिली, जिथे सुरकुती नव्हती तिथेही.

सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "हात फार छान आहेत तुझे. पण आधी नाव सांग. काय करणार ते सांग. चालेल का विचार. पेशंट हो म्हणाला की मगच हात लाव. परीक्षेत न विचारता नुसती चादर जरी ओढलीस ना, तर तिथेच नापास. मग पुढचं सगळं कितीही सुंदर कर."

घुमीने घरी काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. बेकरीवाल्याची धाकटी टकळीच्याच वर्गात होती. मधल्या सुट्टीच्या आत म्हशीची गोष्ट शाळाभर फिरली. टकळीने आधी त्या धाकटीशी कचाकचा भांडून घेतलं, मग घरी येऊन दप्तर भिरकावलं आणि कंबरेवर हात ठेवून जाहीर केलं, "आजपासून क्लास. गोठ्यात. आजी पेशंट, मी परीक्षक. आई, तू बोलायचं."

गोठ्यात, कारण घरात खाट फिरवायलाही जागा नव्हती. गोठ्यात नळ होता, फरशीला उतार होता, पाणी सांडलं तरी वाहून जायचं. खाट गव्हाणीला चिकटवून लावली. पायाशी दावणीचा दगडी खांब आला, त्यामुळे खुर्ची ठेवायला जागा उरली ती उशाकडेच. खाटेच्या काठावर बसलं की उशाकडची बाजू म्हणजे आजीची उजवी. पेशंटच्या धड बाजूला खुर्ची ठेवायची असा नियम, म्हणून आजीची डावी बाजू लुळी ठरवून टाकली. परीक्षेत चाकांची खुर्ची असणार होती, इथे साधी प्लास्टिकची होती. ती सरकू नये म्हणून टकळीने पायांशी विटा लावल्या आणि सांगितलं, हे ब्रेक.

"मला गायीच्या जागेवर निजवलंय," आजी म्हणाली. "आता वैरण टाका म्हणजे झालं."

"चल आई, सुरू कर."

घुमीने घसा साफ केला. पुन्हा साफ केला. मग सगळं एका दमात सोडलं, मालगाडी सोडावी तसं, "मीतुमचीमदतनीसमीतुम्हालाखुर्चीतबसवणारआहेचालेलका."

आजीने मान वळवली. "कोणाला सांगतेस? गव्हाणीला?"

खरंच, घुमी गव्हाणीकडे बघत होती.

"डोळ्यात बघायचं आई, डोळ्यात! आजी काय तुला खाणार आहे?"

आजीच्या डोळ्यात बघणं ही काही सोपी गोष्ट नव्हती. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींच्या हातातून भांडी घेतली, पोरगी घेतली, आजारपणं काढली, पण अशा समोरासमोर डोळ्याला डोळा लावून कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. घुमीने बघितलं. म्हातारीचे डोळे पिवळसर, ओलसर, आणि चक्क उत्सुक होते. तेवढ्यात घुमीच्या पोटातून शब्द आले तसे परत गेले.

"बोल की बाई," आजी हळूच म्हणाली. "माझा हात आखडायला लागला."

असं रोज चाललं. दिवसा घुमी दुसऱ्यांच्या रानात कांदा खुरपायला जायची. कंबरेतून वाकून, ओळीमागून ओळ, बोटांच्या पेरात माती भरलेली. पण आता खुरपं चालता चालता ओठही चालायचे. "मी तुमचा हात धरते, चालेल का? मी तुम्हाला कुशीवर वळवते, चालेल का?" शेजारच्या ओळीतल्या बाईने कान टवकारले.

"काय गं, कांद्याशी बोलतेस?"

घुमी खुरपत राहिली.

"अगं, विचारतेस तर नीट विचार. उपटू का म्हणून."

"कांदा नाही उपटत," घुमी म्हणाली. "तण उपटतेय."

"मग तणाला विचार. आमच्याशी इतक्या वर्षांत बोलली नाही, तणाशी बोलतेय!" आणि रानभर हशा. पण त्या संध्याकाळी त्याच बाईने निघताना तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्यावरही करून बघ कधी. मी पडून राहीन. मला तेवढीच विश्रांती."

रात्रीच्या जेवणाआधी उंबऱ्यावर बापाची पाळी असायची. त्याची नाडी मोजायची. घुमी त्याच्या मनगटावर बोटं ठेवायची आणि घड्याळाकडे बघायची.

"कमी आहेत की जास्त?" बाप विचारायचा.

"गप्प बसा. मोजतेय."

"तू हात धरलास की जास्तच भरणार."

आतून टकळी ओरडायची, "बाबा, पेशंटने परीक्षकाला न विचारता लाडात यायचं नाही!"

एकदा त्याने आवाज खाली आणून म्हटलं, "हे बघ, पास झालीस तर बरंच. नाही झालीस तर जाईन मी. माणसं जातात, येतात. तू त्याचं ओझं घेऊ नकोस."

"घेतलंय," घुमी म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

परीक्षा जवळ आली तोपर्यंत वाक्यं पाठ झाली होती. अगदी पोपटपंची. टकळी खूश. पण घुमीला आतून माहीत होतं, की ही वाक्यं आपली नाहीत. दुसऱ्याची चप्पल घालून चालावं तसं ती बोलत होती. बोट कुठेतरी बाहेर येत होतं.

एका दुपारी टकळी शाळेतून यायची होती. पत्रा तापला होता, गोठ्यात चुन्याचा वास भरलेला. घुमीने म्हटलं, आज अंग पुसायचं करून टाकू. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कापड पिळलं. आजी खाटेवर पालथी झाली, वर चादर.

"आई, तुमच्या पाठीवरची चादर बाजूला करते. पाठ पुसायची आहे. चालेल का?"

अगदी बरोबर. एकही अक्षर इकडेतिकडे नाही. आणि चादरीखालून उत्तर आलं,

"नाही."

घुमीचा हात हवेत राहिला. आजी रोज "हं" म्हणायची. कधी "आटप" म्हणायची. नाही म्हटलं तर पुढचं वाक्य काय, ते टकळीने शिकवलंच नव्हतं.

"नाही?"

"नाही म्हटलं ना. विचारलंस म्हणून सांगितलं."

कापडातून पाणी टपकत होतं, फरशीच्या उतारावरून चाललं होतं. घुमीने ते घमेल्यात ठेवलं. मग काय करावं ते न सुचून ती खाली, आजीच्या तोंडाजवळ उकिडवी बसली.

"का?" तिने विचारलं. हे कोणत्याच धड्यात नव्हतं.

आजी चादरीची किनार चिमटीत धरून म्हणाली, "मला तो मोठा ताप आला होता बघ. तेव्हा तू मला धुतलंस, पुसलंस, कपडे बदललेस. तुझे हात चांगले, मी नाही म्हणत नाही. पण तू आलीस, चादर ओढलीस, मला फिरवलंस, घासलंस आणि गेलीस. मला वाटलं, कोणीतरी भांडं घासायला टाकलंय. उघडं. भांड्याला लाज नसते, मला होती."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

घुमीने मान खाली घातली. आजारी माणसाला आपण बोलून त्रास द्यायचा नाही, झटपट काम उरकायचं, हीच माया असं तिला वाटत आलं होतं. गायीला हेच आवडायचं. ती मनातल्या मनात त्या तापाच्या दिवसांत जाऊन आली. आजी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तापामुळे, असं ती समजली होती.

"पाठ नको तर राहू दे," ती म्हणाली. "काय पुसू मग?"

आजी विचारात पडली. इतक्या वर्षांत तिला असं कोणी विचारलं नसावं, कारण तिला बराच वेळ लागला. "पाय पूस," शेवटी ती म्हणाली. "टाचांना भेगा पडल्यात."

घुमीने पाणी बदललं. आजी उताणी झाली. घुमीने आपल्या मनगटावर पाणी टाकून बघितलं, आजीच्या पायाला लावलं. "भाजतं का?"

"अजून थोडं गरम चालेल."

तिने गरम आणलं. टाचा हातात घेतल्या. भेगांत माती बसली होती, ती तिने कापडाच्या टोकाने हळूहळू काढली. "दुखलं तर सांगा." "हं." "आता बोटांच्या मधलं करते." "कर." "गुदगुल्या होतात का?" "होतात, पण तू कर." दोघी बोलत होत्या. कशाबद्दल, तर एका पायाबद्दल आणि मग दुसऱ्या पायाबद्दल. पण बोलत होत्या.

पाय पुसून झाले तशी आजी आपणहून कुशीवर वळली. "आता पूस पाठ. पण चादर अंगावरच राहू दे, हात आतून घाल."

"बरं."

पाठीवरची कातडी कागदासारखी पातळ झाली होती. घुमीने हात आतून घातला. टकळी दप्तर घेऊन दारात आली आणि काहीतरी ओरडायला तिने तोंड उघडलं होतं. पण आई बोलतेय, आणि बोलतेय ते तिने पाठ करून घेतलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती चपला हातात घेऊन मागच्या मागे गेली. टकळीच्या आयुष्यातला हा एक मोठाच त्याग म्हणायचा.

परीक्षेच्या दिवशी सगळं घर निघालं. दूध केंद्राच्या मालकाने टेम्पो दिला. बाप आणि घुमी पुढे, टकळी आणि आजी मागे, दुधाचे कॅन असायचे तिथे पोत्यांवर. आजीला नको म्हटलं होतं. "पेशंटशिवाय परीक्षा कशी होईल?" म्हणून ती सगळ्यांच्या आधी चढून बसली होती.

प्रशिक्षण केंद्राच्या लांब खोलीत फिनेलचा वास होता. खाटा ओळीने, मधे हिरवे पडदे. परीक्षक बाईंचा चेहरा इस्त्री करून ठेवल्यासारखा, एक सुरकुती नाही, एक हसू नाही. पेशंट म्हणून खरीखुरी माणसं बोलावली होती. घुमीच्या वाट्याला आला एक निवृत्त टेलर. बारीक, पांढऱ्या मिशांचा, कानामागे सवयीने पेन्सिल खोचलेला.

परीक्षक बाईंनी वाचून दाखवलं, "उजवी बाजू अशक्त. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवा."

घुमीने हात धुतले. नखं, बोटांच्या फटी, मनगटं. मग खाटेजवळ आली आणि टेलरच्या डोळ्यात बघितलं.

"नमस्कार. मी तुमची मदतनीस. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

"टेलरमास्तर म्हणतात सगळे."

"मास्तर, तुम्हाला खुर्चीत बसवायचं आहे. मी मदत करते. चालेल का?"

"चालेल."

शब्द येत होते. तिने खुर्ची आणली, लावली, ब्रेक दाबले. या खुर्चीला खरे ब्रेक होते, त्याचं तिला किती बरं वाटलं! "आता पांघरूण बाजूला करते, चालेल? आता तुम्हाला उठवून काठावर बसवते. चक्कर येते का?" "नाही." तिने त्यांच्या पायात बूट चढवले, धरून उठवायचा पट्टा कमरेला बांधला, गुडघे टेकवून पावलं नीट रोवली. "मी तीनपर्यंत मोजते. तीन म्हटलं की दोघं मिळून उठायचं. एक."

आणि तिला मास्तरांचा उजवा हात दिसला. मांडीवर निपचित पडलेला, पेशंटचं सोंग अगदी चोख वठवणारा. आणि त्या हाताच्या पलीकडे, उशाकडे, खुर्ची.

तिच्या हातांनी खुर्ची उशाकडे लावली होती. रोज लावायचे तशीच. तिथे ना गव्हाण होती, ना दगडी खांब, खाटेच्या चहूबाजूंनी मोकळी जागा पडली होती. पण हात आपले गोठ्यातच होते.

परीक्षक बाईंचं पेन थांबलेलं तिला न बघता कळलं. तिच्या दंडात वासरू उचलायची ताकद होती आणि मास्तर वासराहून हलके. पटकन उचलून टेकवले असते तर डोळ्याचं पातं लवायच्या आत ते खुर्चीत असते. मास्तरांचा पाय खरं तर धडधाकट होता, कोणाला काही लागलं नसतं. तोंड मिटून काम उरकणं तर तिच्या अंगात मुरलेलं होतं.

"थांबा," घुमी म्हणाली.

केवढ्याने म्हणाली! शेजारच्या पडद्याआडची बाईसुद्धा थांबली.

"मास्तर, माझं चुकलं. मी खुर्ची तुमच्या कमजोर बाजूला ठेवली. तुम्हाला असंच उठवलं तर सगळा भार त्या पायावर येईल आणि तुम्ही पडाल. मला खुर्ची दुसऱ्या बाजूला न्यायची आहे. पण तुम्हाला असं काठावर एकटं सोडून मी जाऊ शकत नाही. म्हणून आधी तुम्हाला परत निजवते, मग खुर्ची हलवते, मग पुन्हा उठवते. तुम्हाला दोनदा त्रास होईल. चालेल का?"

एवढं सलग ती जन्मात बोलली नव्हती. तिचं तिलाच ऐकू येत होतं.

मास्तरांच्या मिशा हलल्या. "उलटी बाही लागली की उसवायचीच असते बाई. निजव."

तिने निजवलं. खुर्ची पायाकडे आणली. ब्रेक दाबले, हलवून बघितली. पुन्हा उठवलं, पुन्हा विचारलं, पुन्हा पावलं रोवली. परीक्षक बाई म्हणाल्या, "वेळ संपत आलाय." घुमीने ऐकलं, पण हात घाईला आले नाहीत. "तीन," ती म्हणाली, आणि मास्तर उठले, वळले आणि खुर्चीत असे टेकले, जणू कोणी पाखरू फांदीवर बसवलं.

निकाल त्याच संध्याकाळी होता. एकेकीला आत बोलावत होते. बेकरीवाल्याची मुलगी बाहेर येऊन रडली, मग कळलं ते आनंदाने. मग घुमीला हाक आली.

परीक्षक बाईंनी कागदावरून नजर वर केली. "खुर्ची चुकली होती तुमची."

"हो."

"मी पेन टेकवलं होतं. तुम्ही त्यांना तसंच उचललं असतं तर तिथेच नापास. आपणहून थांबलात, सांगितलंत आणि दुरुस्त केलंत. तेवढी मुभा आहे." इस्त्रीला कुठेतरी एक बारीकशी सुरकुती पडली. "पास."

घुमीने हात जोडले. काहीतरी बोलायला हवं होतं, पण बादली पुन्हा खोल गेली होती. ती तशीच बाहेर आली.

बाहेर अंगणात तिघंही उभी होती. कोणी विचारलं नाही. टकळीसारख्या टकळीनेही नाही.

"झाले," घुमी म्हणाली.

टकळीची किंकाळी रस्त्यापलीकडे गेली असणार, कारण तिकडचं कुत्रं उठून भुंकायला लागलं. आजीने दोन्ही हात वर केले, डावा जरा जास्तच. "माझ्या अंगावर शिकलीये!" ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. "या अंगावर!"

आणि तेवढ्यात बापाच्या खिशात फोन वाजला. मुकादम. उद्या पहाटे ट्रक निघणार होता.

"हो," बाप फोनवर म्हणाला. "हो... नाही, तसं नाही... हो, तुम्ही जागा राखलीत, कळतंय मला... बघतो..." त्याच्या कपाळावर घाम आला. फोन कानाला धरून तो स्वतःभोवती फिरायला लागला, दोरी गुंडाळलेल्या भोवऱ्यासारखा. सगळ्यांना दिसत होतं, की आणखी थोडं थांबलं तर हा माणूस पास झालेल्या बायकोचा नवरा असूनही पहाटे ट्रकमध्ये बसलेला असेल.

घुमी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हात पुढे केला.

"मी बोलू का?"

त्याने तिच्याकडे बघितलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"मुकादम, हे येणार नाहीत."

"कोण बोलतंय?"

"त्यांची बायको."

"घुमी?" पलीकडून आवाज आला.

"हो. यंदा नाही येणार, घरीच राहणार. त्यांची जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या. सांगायला उशीर झाला, ते आमचं चुकलं. पण येणार नाहीत."

"म्हणजे तू पास झालीस?"

"झाले."

"बरं झालं," मुकादम म्हणाला, आणि घुटमळला. "आता बोलतेच आहेस तर विचारतो. आमच्या आईचे पाय सुजतात गं फार. बोट दाबलं की खड्डा पडतो. कोणाला दाखवूही देत नाही."

"ओढून आणू नका त्यांना," घुमी म्हणाली. "त्यांना विचारा, आणि हो म्हणाल्या की दवाखान्यात घेऊन या. मी तिथेच असेन उद्यापासून. नाही म्हणाल्या तर मला सांगा, मी घरी येऊन त्यांच्याशी बोलेन."

ती पुढेही बोलत राहिली. पाय खाली लोंबकळत ठेवायचे नाहीत, कधीपासून सूज आहे, दम लागतो का, हे आणि ते. आजी टेम्पोतल्या पोत्यांवर जाऊन बसली होती आणि ऐकत होती. टकळी आईच्या तोंडाकडे बघत उभी होती.

बाप अंगणातल्या नळापाशी गेला. त्याने नळ सोडला आणि वाकून तोंड धुवायला घेतलं. बराच वेळ तो पाण्याच्या ओंजळी तोंडावर मारत राहिला. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.